एकाहत्तर मिनिटं

दोन बस बदलून, तिसरी न आल्यामुळे चालतच
आम्ही स्केलरिगला पोचलो, मी आणि विल्फ्रेड हेदरिंग्टन.
फेब्रुवारीतला मंगळवार, आडवा वारा,
दगडी कुंपणाच्या आडोशाला दाटून उभ्या मेंढ्या.
"ते बघ," विल्फ म्हणाला. मला काहीच दिसेना.
मोतीबिंदू त्याला आहे, मला नाही,
पण घरांच्या धुराड्यांमागचे चार दिव्यांचे खांब
आधी दिसतात ते त्यालाच.

त्याच्या मुलीशी माझा घटस्फोट झाला
त्याला आता सहा वर्षं होतील.
घर, गाडी, शिवणयंत्र, सगळ्याची वाटणी झाली.
मंगळवारांबद्दल कोर्ट काही बोललं नव्हतं.

फाटकाशी मांडीवर बिस्किटांचा डबा घेतलेली बाई.
चार पौंड. म्हाताऱ्यांना दोन.
विल्फने चारच मोजले.
"म्हातारा मी घरी असतो."

मैदानाला उतार, असातसा नाही,
पलीकडच्या कोपऱ्यात गेलेला खेळाडू
कमरेपर्यंतच उरतो.
एका बाजूला पत्र्याची शेड, तिच्यात तीन बाक,
एक बाक कुणाच्या तरी आठवणीत, नाव पुसट झालेलं.
फळ्यांवर जाहिराती: खाटीक, काचवाला,
आणि थेट गोलच्या मागे
अंत्यविधीची संपूर्ण व्यवस्था, चौकशी कधीही करा.

गोलकीपर डॅरेल सकाळी टपाल वाटतो.
साधा चेंडू हातातून निसटला तेव्हा शेडमधून आवाज आला,
"तरीच माझ्या काचा फुटलेल्या येतात!"
डॅरेलही हसला, चिखलात बसल्या बसल्या.
भोंग्यातून सांगितलं, आज हजर प्रेक्षक बावन्न.
"मी आत्ता आलो," फाटकातून कोणी ओरडलं.
भोंगा खरखरला, जरा थांबला:
त्रेपन्न.

आम्ही वाटाणे खाल्ले, लाकडी चमच्यानं, उभ्यानं.
बोलणं फारसं नसतं.
"डावा बॅक बरा आहे."
"हं."
"तिचं कसं चाललंय?"
हे मी विचारायला हवं, पण दर वेळी तोच विचारतो,
जणू ती माझी मुलगी.

एक-एक अशी बरोबरी, एकाहत्तरावं मिनिट,
आणि चारही खांब एकदम गेले.
पास नुकताच निघाला होता. अंधारात कुठेतरी
चेंडू फळीवर आदळला. खाटकाच्या की दुसऱ्या,
कळलं नाही.
मग नुसते श्वास, वाफा, बुटांखालचा चिखल,
आणि वर इतके तारे की
कुणीतरी हळूच शिवी घातली.

डावा बॅक वायरमन निघाला. बूट न काढताच
खोक्यात डोकं घालून बसला,
सात जणांनी मोबाइल धरले, आठव्यानं सल्ले दिले.
अर्ध्या तासानं रेफरीनं घड्याळ पाहिलं
आणि हात आडवे केले.

विल्फचा नियम सगळ्यांना ठाऊक:
नव्वद मिनिटं पुरी, तर मैदान वहीत.
तीस वर्षांत सहाशे अठरा. एकदा बर्फामुळे
ऐंशीव्या मिनिटाला थांबलेला सामना
त्यानं सोडून दिला होता, चार तासांच्या प्रवासासकट.
फाटकाशी बाईनं पैसे परत करू केले.
"ठेवा. परत यायचंच आहे."
कुरकुर करायचा सूर लावला होता त्यानं,
जमला नव्हता.

परतीच्या बसमध्ये वही माझ्याकडे दिली.
"दिसत नाही. तू लिही. पेन्सिलनं."
सहाशे एकोणीस, मी लिहिलं, पुढे स्केलरिग,
चौकोन रिकामा ठेवला.
"एप्रिलात खेळवतील," तो म्हणाला,
"संध्याकाळी उजेड असतो तेव्हा. त्याच सुमारास
डोळ्याची तारीख आहे. पुढे ढकलू का?"
नको, म्हटलं. आधी डोळा.
उतार केवढा आहे ते तरी कळेल तुम्हाला.
"उतार?" विल्फ म्हणाला.
"कसला उतार?"